जुन्या मोटारसायकलींनी कोणते पेट्रोल प्यावे?

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. २०१८ च्या जैवइंधन धोरणात यासाठी २०३० ची मुदत होती. २०२२ मध्ये ती अलीकडे आणली गेली आणि ती पाळलीही गेली. सरकारी उद्दिष्टे वेळेआधी पुरी होण्याचे प्रसंग आपल्याकडे इतके विरळ की या यशाचे कौतुक होणे साहजिकच होते. परकीय चलन वाचले, कारखान्यांची थकबाकी हलली, उसाच्या पट्ट्यात पैसा आला, हे सारे खरे आहे आणि मराठवाड्याने तरी ते नाकारू नये. तथापि हे पेट्रोल ज्या यंत्रात जाऊन जळते, त्या यंत्राच्या मालकाला या व्यवहारात कोणी काही विचारले नाही, आणि पुरेसे काही सांगितलेही नाही. तो मालक म्हणजे नांदेड-लातूरच्या रस्त्यांवर पंचवीस-तीस वर्षांची मोटारसायकल चालवणारा सामान्य माणूस होय.

‘क्लासिक मोटारसायकल’ म्हटले की मुंबई-पुण्याच्या वाचकासमोर रविवारी सकाळी निघणारी चकचकीत गाड्यांची मिरवणूक उभी राहते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा असा नांदेडकडे येणारा जो राष्ट्रीय महामार्ग आहे, त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत जुनी बुलेट, राजदूत, येझदी किंवा एम-८० ही हौसेची वस्तू नव्हे. तिच्यावर दुधाचे कॅन जातात, खताचे पोते जाते, शाळेत मुले जातात. मद्रासला १९५५ पासून बनू लागलेली बुलेट, पोलंडच्या आराखड्यावरून १९६० च्या दशकात एस्कॉर्ट्‌सने काढलेली १७५ सीसीची राजदूत, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ पर्यंत निघालेल्या जावा व येझदी, या गाड्या ज्या दिवसांत घडल्या, त्या दिवसांचे पेट्रोल आज पंपावर मिळत नाही. राजदूत आणि येझदीचे मूळ कारखानेही राहिले नाहीत, त्यामुळे ‘नव्या पेट्रोलसाठी गाडीत काय बदल करावा’ हे विचारावे तरी कोणाला? एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या पाट्या लावलेल्या या गाड्यांची सारी विद्या आता रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातात उरली आहे. तो मिस्त्री हुशार आहे. परंतु त्याची हुशारी एका वेगळ्या काळातील पेट्रोलवर घडलेली आहे, आणि खरी गोम इथेच आहे.

इंजिनात ठिणगी केव्हा पडावी, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न जुन्या गाडीचे सारे आयुष्य ठरवतो. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्षणार्धात भडकत नाही, ते जळायला वेळ घेते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एक फेरा वीस सहस्रांश सेकंदांत पुरा होतो, आणि जळण्याच्या क्रियेला त्यांतले दोन-तीन सहस्रांश तरी लागतात. म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. बुलेटसारख्या कमी दाबाच्या इंजिनात वेगात असताना ती तीस अंशांहूनही थोडी आधी पडते, मंद चालीत आणि किक मारताना बरीच उशिरा. हा फरक आपोआप साधावा म्हणून पॉइंटच्या मागे स्प्रिंगांना जखडलेली दोन छोटी वजने असतात. ठिणगी फार लवकर पडली तर किक उलटी बसून पोटरी सोलते, चढावर इंजिन ठोकू लागते आणि पुढे पिस्टनला भोक पडते. फार उशिरा पडली तर गाडीचा जोर जातो, ॲव्हरेज उतरते, आणि मिश्रण बाहेर पडता पडताही जळत राहिल्याने सायलेन्सरचा पाइप निळा पडतो. जुने मिस्त्री प्लगच्या भोकातून स्पोकची तार घालून पिस्टनची जागा शोधतात, पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरतात आणि तो सुटतो कधी ते पाहतात. बुलेटवाले ॲमीटरच्या काट्याकडे नजर लावतात, कारण पॉइंट उघडताच काटा हलतो. या पद्धतींना कोणी अडाणी म्हणू नये. नीट केल्यास त्या अचूक असतात.

मग बिघडले कोठे? याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांच्या पेट्रोलच्या इतिहासात आहे. शिधापत्रिकेवरचे स्वस्त रॉकेल आणि महाग पेट्रोल यांच्या भावातील दरीत भेसळीचा एक मोठा धंदा उभा राहिला. रॉकेलला निळा रंग देऊनही तो थांबला नाही. ज्या मनमाडहून नांदेडची रेल्वे सुटते, त्या मनमाडजवळच्या पानेवाडीत २५ जानेवारी २०११ रोजी अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी जिवंत जाळले, यावरून त्या धंद्याचे बळ कळावे. आता रॉकेलमिश्रित पेट्रोलचा ऑक्टेन अंक घसरलेला असतो. म्हणजे ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकते आणि इंजिन ठोकते. ४२ अंशांच्या वैशाखात, डबलसीट आणि समोर बालाघाटचा चढ असला म्हणजे हे ठोकणे हमखास ऐकू यायचे. मिस्त्रीपाशी त्यावर एकच तोडगा होता, तो म्हणजे टायमिंग मागे घेणे. ठोकणे थांबे, गाडी थोडी मंद होई, आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाई. त्या काळी तो तोडगा रास्तच होता. परंतु तो इतका अंगवळणी पडला की पुस्तकात काय लिहिले आहे ते विसरून ‘जरा मागे’ हेच आपल्याकडे प्रमाण टायमिंग होऊन बसले.

आज परिस्थिती नेमकी उलटी आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविना पेट्रोल आले. ‘भारत-२’ मानकात ८८ असलेला ऑक्टेन पुढे ९१ झाला, आणि वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल तर ९५ चे गणले जाते. इथेनॉल वाफ होताना भोवतालची बरीच उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत येणारे मिश्रणही थंड राहते. म्हणजे रॉकेलच्या काळात मागे घेतलेले टायमिंग आज विनाकारण मागे आहे. ते पुस्तकी जागी परत आणणे, हे नव्या पेट्रोलवर जुनी गाडी चालवणाऱ्याचे पहिले काम होय. मात्र ‘ऑक्टेन ९५ म्हणजे टायमिंग आणखी पुढे’ हा जो दुसरा तर्क काही उत्साही मंडळी लढवतात, तो फसवा आहे. ऑक्टेन ही शक्ती नव्हे, ती फक्त न ठोकण्याची सहनशक्ती होय. बुलेट, राजदूत यांच्या मिश्रण दाबण्याचे प्रमाण सातच्या आगेमागे. त्यांना ९१ सुद्धा पुरून उरते. अशा गाडीत जास्त पैसे मोजून ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल केवळ जोर वाढावा म्हणून ओतणे, हे बैलगाडीला विमानाचे इंधन दाखवण्यासारखे आहे. (१०० ऑक्टेनचा एक वेगळा उपयोग आहे, त्याविषयी पुढे.)

खरी अडचण ठिणगीत नसून मिश्रणात आहे, आणि ती ऐकून ओळखता येत नाही म्हणून घात करते. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊच लागते, कारण ते आपला प्राणवायू थोडाफार बरोबर घेऊन येते. वीस टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास हवा हवी. नव्या गाडीतील संगणक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. जुना कार्बोरेटर बिचारा पितळी जेटच्या ठरलेल्या छिद्रातून पूर्वी देई तेवढेच देत राहतो. परिणामी मिश्रण सात-आठ टक्के विरळ होते. विरळ मिश्रण संथ जळते, गाडी ओढत नाही, सकाळी किकांवर किका घ्याव्या लागतात आणि इंजिन नेहमीपेक्षा तापते. गिऱ्हाईक मिस्त्रीकडे जाऊन सांगते, ‘गाडी पिकअप घेत नाही.’ मिस्त्रीचा हात सवयीने पॉइंटच्या झाकणाकडे जातो. तो टायमिंग पुढे-मागे करून पाहतो. पुढे केले तर थोडा जोर आल्याचा भास होतो, कारण संथ जळणाऱ्या मिश्रणाला थोडा जादा वेळ मिळतो. पण दोष जिथल्या तिथेच राहतो, आणि विरळ मिश्रणाने आधीच तापलेल्या पिस्टनवर लवकरच्या ठिणगीचा भार पडतो. वस्तुतः पाहायला हवे ते प्लगकडे. प्लग चहाच्या रंगाचा असेल तर सारे ठीक आहे. तो पांढराफटक दिसत असेल तर मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा बसवावा, सुई एक खाच वर घ्यावी, आणि मगच टायमिंगला हात लावावा. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडच्या अनेक बुलेटी मुळातच इतके गडद मिश्रण पीत आल्या आहेत की नव्या पेट्रोलने त्या उलट ताळ्यावर आल्या असतील. तेव्हा प्रत्येक तक्रारीचे खापर इथेनॉलवर फोडण्यात अर्थ नाही.

परंतु जेट बदलून न सुटणाऱ्या गोष्टीही आहेत. जुन्या नळांतील बुचाचे वायसर, साध्या रबराच्या नळ्या, कार्बोरेटरचा जस्तमिश्र धातू, गंजलेल्या टाकीला आतून दिलेले लेप, यांना इथेनॉल मानवत नाही. ते टाकीतला वर्षानुवर्षांचा गंज व चिकटा सोडवून आणते आणि जेटमध्ये नेऊन बसवते. त्याहून मोठा धोका पाण्याचा. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर टाकीच्या तळाशी जाऊन बसते. नळ तळाशीच असतो. राजदूत किंवा येझदीसारख्या गाडीत, जिथे वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, तळाचा तो थर जवळजवळ तेलाविना इंजिनात शिरतो. पेरणी संपली, गाडी महिना-दीड महिना पडवीत उभी राहिली, आणि पोळ्याच्या सुमारास बाहेर काढून किक मारताच पिस्टन जाम झाला, असे घडू शकते. त्याचा खर्च एका हंगामाच्या बियाण्याइतका असतो.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या खुलाशात जुन्या वाहनांतील काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील हे मान्य केले, आणि ते स्वस्त असून नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये बदलता येतात असेही सांगितले. दिल्लीत बसून हे वाक्य लिहिणे सोपे आहे. बंद पडलेल्या कारखान्याच्या गाडीला इथेनॉल सोसणारे वायसर अहमदपूरच्या बाजारात कोणत्या दुकानात मिळतील, हे त्या खुलाशात नव्हते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्याचा कित्ता मात्र या प्रसंगी पुन्हा वाचण्यासारखा आहे. त्यात दुचाकींचे ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता, जुन्या वाहनांसाठी दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल ‘संरक्षक’ इंधन म्हणून उपलब्ध ठेवावे असे म्हटले होते, आणि मिश्रित इंधनाची किंमत साध्यापेक्षा कमी असावी, म्हणजे ग्राहकाचे नुकसान भरून निघेल, असाही सल्ला दिला होता. टक्क्यांचे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठणाऱ्यांना या दोन्ही शिफारशींची आठवण राहिली नाही. किमतीच्या बाबतीत आता सांगितले जाते की इथेनॉलच महाग झाले आहे. जुलै २०२५ अखेर त्याचा सरासरी खरेदीभाव लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होता. असेल. पण मग ज्या इंधनात उष्मांक कमी आहेत ते पूर्ण भावाने घेणाऱ्याला निदान निवड तरी असावी की नको?

निवडीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय पंपावर ठेवावा ही याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. न्यायालयाने धोरणात हात घातला नाही, हे समजण्यासारखे आहे. धोरण बदलण्याची जबाबदारी धोरणकर्त्यांची. जेथे हा प्रश्न आधी उभा राहिला तेथे काय झाले ते पाहू. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साधे पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचे केले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी पाच टक्क्यांपर्यंतचे ‘सुपर’ पेट्रोल राखून ठेवले. अमेरिकेत पंधरा टक्क्यांच्या पंपावर चिठ्ठी लावलेली असते आणि तीत मोटारसायकलींना ते पेट्रोल घालण्याची मनाई असते. ब्राझीलचे उदाहरण आपल्याकडे नेहमी दिले जाते. पण ब्राझीलने १९७५ पासून हा मार्ग धरला आणि तेथील कारखान्यांनी त्यानुसार गाड्या घडवल्या. आपण पेट्रोल बदलले आणि गाड्या तशाच ठेवल्या.

आपल्याकडे इथेनॉल नसलेले म्हणून ओळखले जाणारे पेट्रोल म्हणजे ते १०० ऑक्टेनचे. डिसेंबर २०२० मध्ये ते देशातील दहा शहरांत आले तेव्हा महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे यांचीच नावे यादीत होती, आणि भाव साध्या पेट्रोलच्या मानाने भलताच चढा होता. ते बनवले गेले महागड्या, उच्च दाबाच्या गाड्यांसाठी. दूधवाल्याच्या राजदूतला त्याचा ऑक्टेन नको आहे, फक्त त्यातला इथेनॉलचा अभाव हवा आहे, आणि त्यासाठी तिने श्रीमंताच्या पंगतीला बसावे अशी ही व्यवस्था आहे. जुन्या गाडीची सरकारदरबारी कदर होते ती देखील अशीच. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून खास नोंदणी मिळू लागली, पण अट अशी की ती नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे शोभेची असेल तर वारसा, कामाची असेल तर भंगार.

लातूरकरांच्या दृष्टीने या प्रकरणाला आणखी एक कडवट बाजू आहे. ओघात आले म्हणून नोंदवतो. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल काढण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. बुलेटच्या साडेचौदा लिटरच्या टाकीत आता २.९ लिटर इथेनॉल असते. ते सगळे उसाचे असेल तर एका टाकीमागे सव्वाआठ हजार लिटर पाणी झाले. मका आणि तांदळापासूनही आता इथेनॉल होते, त्यामुळे हा हिशेब प्रत्येक टाकीला लागू पडणार नाही. पण मिरजेहून एप्रिल २०१६ मध्ये आलेल्या पहिल्या पाणीगाडीत पाच लाख लिटर पाणी होते आणि सारे लातूर ते पाहायला लोटले होते, हे ज्यांना आठवते त्यांनी ती गाडी बुलेटच्या किती टाक्यांना पुरली असती याचा भागाकार करून पाहावा.

इथेनॉल नको, अशी आमची मागणी नाही. मागणी त्याहून साधी आणि स्वस्त आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या ठिकाणी तेल कंपन्यांनी प्रत्येकी निदान एका पंपावर दहा टक्क्यांचे किंवा त्याहून कमी इथेनॉलचे पेट्रोल एका नळीला राखून ठेवावे. वेगळी टाकी ठेवण्याचा खर्च असतो, हे विक्रेत्यांचे म्हणणे खरे आहे. पण महागड्या पेट्रोलसाठी टाकी वेगळी ठेवता येते, तर याच्यासाठी का येऊ नये? प्रत्येक पंपावर इथेनॉलचे प्रमाण मराठीत, ठळक आणि नळीच्या जवळ लिहिलेले असावे. ते खरे आहे की नाही हे पाहणे ग्राहकालाही कठीण नाही. खुणा असलेल्या काचेच्या नळकांड्यात दहा भाग पाणी आणि शंभर भाग पेट्रोल घालून हलवावे व काही वेळ ठेवावे. तळाचा थर तीसच्या आसपास चढला तर वीस टक्के इथेनॉल आहे असे समजावे. हा प्रयोग उघड्यावर, विडी-काडीपासून दूर करावा. मात्र हीच युक्ती वापरून घरी पेट्रोल ‘धुऊन’ इथेनॉल काढण्याचा जो उद्योग काही जण करू लागले आहेत, तो कृपया करू नये. त्यात आगीचा धोका तर आहेच, शिवाय इथेनॉलबरोबर त्याने दिलेला ऑक्टेनही निघून जातो, आणि रॉकेलच्या काळातले ठोकणे परत येते.

राहिला प्रश्न मिस्त्रीच्या शिक्षणाचा. नांदेडला विष्णुपुरीची गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, लातूरला पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे, दोन्हीकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. एक बुलेट, एक राजदूत, एक येझदी आणि एक हिरो होंडा घेऊन, नव्या पेट्रोलवर कोणता जेट आणि किती अंशांचे टायमिंग योग्य, एवढे मोजून काढण्यास एक सत्र पुरेसे आहे. (हिरो होंडात टायमिंग मिस्त्रीच्या हातात नाही, ते इलेक्ट्रॉनिक डबीत कायमचे बंद आहे. म्हणून तिच्यात सारा भार जेटवरच येतो, हेही मिस्त्रींना कोणी तरी सांगितले पाहिजे.) निघालेले आकडे एका पानावर मराठीत छापून गॅरेज-गॅरेजात चिकटवावेत. वीसच्या पुढे सत्तावीस टक्क्यांकडे जाण्याची भाषा दिल्लीत सुरू झाली आहे. हे पान त्यापूर्वी तयार व्हायला हवे, कारण सात टक्के आणखी वाढले तर आज बसवलेला जेटही लहान पडेल.